स्टेशनाने वसवलेले गाव

गाव आधी वसते आणि आगगाडी तिथे मागाहून येते, अशी आपली समजूत असते. लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवरील वोकिंगची कथा उलटी आहे. १८३८ मध्ये येथे स्थानक झाले ते ओसाड माळावर. वोकिंग नावाचे मूळ खेडे तिथून दोनेक किलोमीटर दूर होते. पुढे लंडनमधील दफनभूमी अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एका कंपनीने इथला विस्तीर्ण माळ विकत घेऊन जवळच ब्रुकवुड येथे मोठी दफनभूमी उघडली. १८५४ पासून १९४१ पर्यंत लंडनहून तिथे खास गाडी जात असे. शवपेटीचे तिकीट एकेरी, सोबत्यांचे मात्र परतीचे! कंपनीने उरलेली जमीन हळूहळू विकली आणि त्या जमिनीवर आजचे गाव वाढले.

माझी भाची येथे राहते. तिच्याकडे मी तीन आठवडे होतो. जलद गाडी तिला अर्ध्या तासात वॉटर्लू स्थानकात पोहोचवते. २०२० च्या महासाथीनंतर तिचे आठवड्यातील दोन दिवसांचे काम घरूनच चालते. तरीही पासाची किंमत ऐकून मी काही वेळ गप्प बसलो. घर घेताना तिने स्थानक किती पावलांवर आहे, हे आधी मोजले होते.

मला मात्र कुतूहल होते ते सकाळी नऊनंतरच्या गावाचे. कालव्याकाठच्या वाटेने म्हातारी माणसे रमतगमत फिरत. रुळांच्या जवळच भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या देणगीतून १८८९ मध्ये उभी राहिलेली सुंदर मशीद आहे. मशीद म्हणूनच बांधलेली ती ब्रिटनमधील पहिली वास्तू. ग्रंथालय, नाट्यगृह, दुकाने सारे स्थानकापासून चालत जाण्याजोगे. स्थानकाजवळचे उंच मनोरेही दिसले. अशा योजनांसाठी नगरपरिषदेने प्रचंड कर्ज काढले होते. जून २०२३ मध्ये जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याचे तिला अधिकृतपणे जाहीर करावे लागले आणि अनेक नागरी सेवांना कात्री लागली.

ही कात्री कोणाला बोचते? लंडनला जाणाऱ्यांना फारशी नाही, असे मला वाटते. त्यांची गाडी चालूच असते. शेजारच्या आजींचे पती आयुष्यभर त्याच गाडीने कामावर गेले. आजींना वेळापत्रकाशी आता कर्तव्य नव्हते. एकदा बाजारात जाताना मी सोबतीला निघालो, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टींची चौकशी केली. वाटेतला बाक अजून जागेवर आहे का, आणि बाजाराजवळचे स्वच्छतागृह उघडे असते का?