आडनाव धबधबे!

शिकागोच्या नैर्ऋत्येला 'वॉटरफॉल ग्लेन' नावाचं राखीव जंगल आहे. अर्गॉन प्रयोगशाळेला त्याचा चहूबाजूंनी वेढा. तिथे धबधबा आहे, पण जंगलाला नाव पडलं ते सीमोर वॉटरफॉल या वनमंडळाच्या जुन्या अध्यक्षांवरून! धबधबासुद्धा १९३०च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी दगड रचून केलेला.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिथे गेलो ते 'जिओकॅश' शोधायला. २००० साली ऑरेगनमध्ये सुरू झालेला हा खेळ. कुणीतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे कळवायचे, बाकीच्यांनी उपग्रहाच्या मदतीने तो हुडकायचा. बरोबर मुलं होती, आणि साताऱ्याहून आलेले आजोबा.

फोनवरचा बाण झाडीतून सरळ जात होता, वाट मात्र वळसा घालून. "आजोबा, इथूनच घुसूया ना!" धाकटा निघालाच. आजोबा जागचे हलेनात. "बाळा, आमच्याकडे देवराईतली वाळकी काडीसुद्धा उचलत नाहीत. वाटेनंच जायचं." सूर्य कलला होता, अंधाराआधी बाहेर पडायचं होतं, आजोबांचे गुडघेही कुरकुरत होते. तरी वळसाच घेतला.

डबा सापडला तो वाटेलगतच, एका ओंडक्याखाली. आतल्या वहीत आजोबांनी ठसठशीत देवनागरीत सही केली. पुढच्याच आठवड्यात ते भारतात परतले.

परवा धाकटा म्हणाला, "आजोबांचं नाव अजून आहे का, बघून येऊया?"

मंडळी, आता पुन्हा जाणं आलं. वाटेनंच!