शिवाजी पार्कची दोरी

मे महिन्यात बडोद्याहून लेकीच्या आजोळी, दादरला गेलो, तेव्हा तिच्या क्लासचा प्रश्न डोक्यात होताच. वय वर्षं आठ. अॅक्रोबॅटिक डान्स की एरियल? पहिल्यात जमिनीवर कोलांट्या आणि नाच, दुसऱ्यात छताला टांगलेल्या कापडावर कसरती. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. फी, अंतर, वेळ असा एक्सेलमध्ये तक्ताच केला होता.

संध्याकाळी शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिरापाशी थांबलो. ही संस्था १९२५ सालची. २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच पार्कात झाली. एक मुलगी पायाच्या बोटांत दोरी धरून सरसर वर गेली. दोरीला गाठ मारायची नसते. सगळा भार शरीराच्या पकडीवर. "एरियल म्हणजे आपल्या दोरीच्या मल्लखांबाचंच भावंड की!" मी म्हणालो.

लेक मात्र खाली बघत होती. "बाबा, तिच्या खाली ताई उभी आहे बघ, हात पसरून."

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

बडोद्याला परतल्यावर दोन्हीकडे तेच विचारलं: खाली कोण असतं? गादी केवढी? एरियलवाल्यांना आणखी एक: वरचा हूक कोण तपासतं? ते नुसते हसले. अॅक्रोबॅटिकच्या शिक्षिकेने कमान शिकवताना आधी स्वतःचा हात मुलीच्या पाठीखाली धरला. तिथेच नाव घातलं.

आणि दोरी? "ती आजीकडे गेल्यावर," असं लेकीनेच ठरवून टाकलंय.