उसना ठेका आणि आपली मात्रा

परकीय संगीताचा विषय निघाला कीं आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ बहुधा दोनच वाक्यें बोलतात. एक, हा सारा गोंगाट आहे. आणि दुसरें, यानेंच मुलें बिघडलीं. गोंगाट म्हणावयाचा तोहि आधीं पुरता ऐकून घ्यावा, इतकी साधी अपेक्षा मात्र क्वचितच पुरी होते. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. संगीतशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु अक्षर लघु कीं गुरु, आणि गातांना तें मोडलें कीं टिकलें, एवढें आमच्या कानास कळतें. तेवढ्याच बळावर हा लेख लिहीत आहों.

आमच्या शिरूर तालुक्यांत रांजणगांवचा महागणपति आहे, आणि शेजारच्या दौंडाकडून भीमा ओलांडली कीं सिद्धटेक. अष्टविनायकांपैकीं दोन असे आमच्या हाकेच्या टप्प्यांत असल्यामुळें १९७९ सालचा राजदत्त-दिग्दर्शित ‘अष्टविनायक’ हा चित्रपट या भागांत घरचाच मानला गेला. त्याचें संगीत अनिल मोहिले व अरुण पौडवाल या जोडीचें. त्यांतील ‘प्रथम तुला वंदितो’ हें पद शांताराम नांदगांवकर यांनीं लिहिलें, आणि पंडित वसंतराव देशपांडे व अनुराधा पौडवाल यांनीं तें गाइलें. गणेशोत्सवाच्या मांडवांत हें पद ऐकलें नाहीं असा मनुष्य आमच्या तालुक्यांत सांपडावयाचा नाहीं.

आतां आठ वर्षें पुढें यावें. १९८७ सालीं सचिन पिळगांवकरांचा ‘गंमत जंमत’ आला आणि ‘अश्विनी ये ना’ हें गाणें गांवोगांव झालें. संगीत अरुण पौडवाल यांचें, शब्द शांताराम नांदगांवकरांचे, स्त्रीकंठ अनुराधा पौडवाल यांचा. म्हणजे गजाननास वंदन करणारीं तींच तीन माणसें! वसंतरावांच्या जागीं मात्र किशोरकुमार होते, आणि आपल्या ठेक्याच्या जागीं अमेरिकेंतील नृत्यगृहांतून निघालेला डिस्कोचा ठेका. आम्ही त्या वेळीं नुकतेच शिक्षक झालों होतों. शिक्षकांच्या खोलींत या गाण्यावर जी टीका झाली ती आम्हांस स्मरते. टीका करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस तें तोंडपाठ होतें, हेंहि स्मरतें.

या परकीय प्रकारांचीं नांवें एकत्र घेतलीं जातात. त्यांचा भेद थोडक्यांत सांगणें बरें. डिस्कोमध्यें चार मात्रांच्या आवर्तनांत मोठ्या ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारख्याच बळानें पडतो. पायांना विचार करावा लागत नाहीं. फंक हा त्याहून कुशल प्रकार. त्यांत पहिल्या मात्रेस सर्वाधिक मान असतो. जेम्स ब्राऊन हे त्या मात्रेवरील आघाताविषयीं आपल्या वादकांशीं फार कडक असत. उरलेल्या जागेंत बास गिटार नांवाचें खर्जाचें वाद्य बोलत राहतें, अडखळल्यासारखें करतें, आणि पुन्हां बरोबर पहिल्या मात्रेवर येऊन उभें राहतें. आपल्या वाचकांस यासाठीं नवा शब्द शिकावयास नको. सम म्हटलें कीं काम झालें. सोल म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील आळवणी लौकिक प्रेमगीतांत उतरलेली. कीर्तनांतली आर्तता नाट्यपदांत यावी, तसाच तो प्रवास आहे.

हा विषय आमच्या घरांत आला तो जपानमार्गें. आमची नात पुण्यास जपानी भाषा शिकली. येत्या चैत्रांत ती नोकरीसाठीं जपानला जावयाची आहे. सुटींत ती शिरूरास येते तेव्हां तिच्या खोलींतून एकच गायनसंग्रह वारंवार ऐकूं येतो. तो तात्सुरो यामाशिता यांचा ‘फॉर यू’, १९८२ च्या जानेवारींतला. जपानमध्यें त्या काळच्या अशा संगीतास ‘सिटी पॉप’ म्हणतात. फंक, सोल व डिस्को हीं तिन्ही त्यांत मुरलेलीं आहेत, आणि भाषा जपानी. तिच्या आजीस हें मुळींच रुचत नाहीं. ती म्हणाली, “पोरीचा कान आधींच तिकडे गेला. कान गेल्यावर जीभ जायला कितीसा वेळ?”

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भाषा घरांतून जाते ती अशीच, एकेका इंद्रियानें. म्हणून आम्हीं तो संग्रह आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावयाचें ठरविलें.

पहिलेंच गाणें ‘स्पार्कल’. एकटी गिटार स्वच्छ, तुटक आघात करीत येते, मग ढोल व खर्ज तिला मिळतात, आणि उन्हांत पाणी चमकावें तसें सारें मोकळें होतें. मिनाको योशिदा यांचे शब्द आम्हांस कळण्याचें कारण नव्हतें. परंतु एक गोष्ट कानास तत्काळ लागली. हा गायक ऱ्हस्वाचें दीर्घ वा दीर्घाचें ऱ्हस्व उगाच करीत नाहीं. नातीस विचारलें तेव्हां तिनें कागदावर मांडून दाखविलें. जपानी भाषा अक्षरें मोजीत नाहीं, मात्रा मोजते! ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाची दोन, शब्दान्तींच्या अनुनासिकाची स्वतंत्र एक. तोक्यो हें नांव आपण दोन अक्षरांत उरकतों; जपानी मनुष्य त्याच्या चार मात्रा म्हणतो, म्हणजे आपल्या हिशेबानें दोन गुरु. निप्पोन या शब्दाच्याहि तेथें चार मात्रा, आणि जोडाक्षरापूर्वींचें अक्षर गुरु व शेवटचा न हलन्त धरून आमच्या रीतीनें मोजल्या तरी चारच. त्यांच्या वर्णमालेचा अ, इ, उ, ए, ओ आणि पुढें क, स, त, न हा क्रम तर बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासांतूनच आला आहे. अमरकोशावर वाढलेल्या मनुष्यास हें कळल्यावर तो देश पूर्वींइतका दूरचा वाटत नाहीं.

पण मात्रांवर चालणारी भाषा त्या अमेरिकन ठेक्यावर बसविणें सोपें नव्हतें. इंग्रजी शब्द व्यंजनावर आपटून थांबतात. जपानी शब्द बहुतेक स्वरान्त, वाहते. १९७० च्या सुमारास तेथील गायकवादकांत यावर मोठा वाद माजला होता. एका पक्षाचें म्हणणें, रॉक संगीत इंग्रजींतच गावें, जपानी त्यास पेलणार नाहीं. ‘हॅप्पी एंड’ नांवाच्या चौघांच्या संचानें जपानींतच गाऊन त्यास उत्तर दिलें. त्या चौघांतील एइची ओहताकी यांनीं १९७५ सालीं ‘शुगर बेब’ या तरुणांच्या संचाची तबकडी काढली, आणि त्या तरुणांत यामाशिता होते. पुढल्याच वर्षीं यामाशितांनीं आपली पहिली स्वतंत्र तबकडी न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथें जाऊन, तेथील वादक घेऊन ध्वनिमुद्रित केली. विद्या ज्याच्या घरीं आहे त्याच्या दारीं जाण्यास लाजूं नये, हें त्यांस उमजलें होतें. ‘फॉर यू’च्या वेळीं मात्र ढोलावर आओयामा आणि खर्जावर इतो हे त्यांचे स्वदेशी साथीदारच आहेत. सहा वर्षांत विद्या घरीं आली. इंग्रजी वाक्यें त्यांच्या ध्रुवपदांत अधूनमधून येतात, तीं आम्हांस विशेष आवडलीं नाहींत. पण तीं फोडणींतल्या मोहरीइतकीं आहेत, भाजी जपानीच.

आणखी एक साम्य नातीनेंच दाखविलें. यामाशितांची पत्नी मारिया ताकेउची ही स्वतः गायिका व कवयित्री; १९८२ मध्यें त्यांचा विवाह झाला. १९८४ च्या ‘व्हरायटी’ या संग्रहांतील तिच्या ‘प्लास्टिक लव्ह’ गाण्याची वाद्ययोजना पतीची. तें गाणें तेहतीस-चौतीस वर्षांनीं यूट्यूबवरून जगभर पसरलें. इकडे अरुण व अनुराधा पौडवाल हेंहि तसेंच दांपत्य. पति १९९१ सालीं गेले; पत्नीस २०१७ सालीं पद्मश्री मिळाली. एकाच दशकांत, एकमेकांची वार्ताहि नसतां, दोन घरांत नवरा तोच उसना ठेका आपल्या भाषेसाठीं बसवीत होता आणि बायको गात होती, हें आम्हांस फार गोड वाटलें.

मग ‘अश्विनी ये ना’ लावलें. नातीस म्हटलें, “आतां हें मोज.” अश्विनी: श्व हें जोडाक्षर पुढें असल्यामुळें अ गुरु, वि लघु, नी गुरु. म्हणजे शुद्ध र गण! पुढचीं दोन अक्षरें, ये आणि ना, दोन्ही गुरु. जेथें शब्दास लांबी आहे तेथेंच चाल रेंगाळते. लघु अक्षर लघुच राहतें. किशोरकुमार खांडव्याच्या बंगाली घरांतले, मराठी त्यांची मातृभाषा नव्हे, आणि त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरास ते निवर्तले. तरी त्यांच्या मुखीं ऱ्हस्वदीर्घ ढळलेलें नाहीं. नात म्हणाली, “आजोबा, म्हणजे यांनीं हें आधीं मोजून घेतलें असेल?”

“मोजायला कशाला हवें, बाळ? कान तयार असला कीं तो आपणच मोजतो.”

ज्यानें आधीं वसंतरावांसाठीं पद लिहिलें त्याचा कान तयार असावयाचाच. उसनवारीचें म्हणाल तर ती आमच्याकडे काय नवी आहे? १९११ च्या ‘मानापमाना’साठीं गोविंदराव टेंबे यांनीं पूरबेकडील ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली आणल्या, आणि आतां त्या आपण अस्सल मराठी म्हणून मिरवितों. पेटी तर युरोपांतून आली. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. परंतु आरती पेटीवांचून कोणत्या घरीं अडली नाहीं, आणि पेटीमुळें कोणाचें मराठी बाटलेंहि नाहीं.

बाटतें तें दुसऱ्याच कारणानें. अलीकडे मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करितात. ठेका तोच, चार मात्रांचा; पण छाती हादरते आणि शब्द एकहि ऐकूं येत नाहीं. गाणें मराठी आहे हें फलकावरून कळावें लागतें. आमच्या सौभाग्यवतीनें जो कान जाण्याचा धाक घातला, तो खरोखर घालावयाचा तर तेथें घालावा.

आमची खरी हळहळ निराळी आहे. ‘फॉर यू’ हा एका गायकानें आपल्या मनानें रचलेला सबंध संग्रह आहे. त्यास कोणा नायकनायिकेच्या प्रसंगाची गरज पडली नाहीं. आमच्याकडे हा ठेका बहुधा चित्रपटाच्या आश्रयानेंच राहिला. प्रसंग संपला कीं गाणें संपलें. चित्रपटाबाहेरचा संग्रह म्हणून १९९८ चा ‘गारवा’ लोकप्रिय झाला खरा, पण त्याची प्रकृति पावसाची, मंद. या ठेक्याशीं त्याचें नातें नाहीं. पौडवाल आणि नांदगांवकर यांना कोणी म्हणावयास हवें होतें कीं, चित्रपट राहूं द्या, आठदहा गाणीं आपल्या मनाचीं करा. जपानांत त्या काळीं पैसा होता, मोटारींत ध्वनियंत्रें होतीं, १९७९ पासून वॉकमन होता. एकट्यानें ऐकावयाचें संगीत विकत घेणारा तरुण होता. आमच्याकडे एस. टी. स्थानकाजवळच्या हॉटेलांत एक कॅसेट साऱ्या गांवासाठीं वाजे. त्याचा परिणाम गाण्यांवर झाल्यावांचून कसा राहील?

हें सारें सौभाग्यवतीस समजावून सांगितलें. जपानांतहि गणपति आहे, त्यास तेथें कांगितेन म्हणतात, तोक्योच्या आसाकुसा भागांत त्याचें मोठें स्थान आहे आणि भक्त त्यास पांढरा मुळा वाहतात, हेंहि सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “मुळा? मोदक नाहींत?”

नातीनें दोन्ही गाणीं, १९७९ चें व १९८७ चें, आपल्या भ्रमणध्वनींत यामाशितांच्या शेजारीं ठेविलीं आहेत. जाण्यापूर्वीं रांजणगांवचें दर्शन करावयाचें आहे. वाटेनें मोटारींत कोणतें गाणें लावावें, याविषयीं आजीनातींचें अद्यापि एकमत झालेलें नाहीं.