बाहेरचं दार

विरार-नालासोपाऱ्याकडच्या जुन्या इमारतींत घराला दोन दारं. आतलं बिल्डरनं दिलेलं, बाहेरचं आपण लावलेलं. सगळे त्याला सेफ्टी डोअर म्हणतात. ग्रिलवाल्याच्या दुकानात चौकोनी पाइप कापून, वर जाळी मारून, रेड ऑक्साइडचा हात देऊन ते तयार होतं. दोन माणसं ते तिरकं धरून जिना चढवतात, भिंतीत भोकं पाडतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी ते कामावर रुजू होतं. खाऱ्या हवेनं दोन पावसाळ्यांत त्याच्या तळाला गंज धरतो. बिजागरी कुरकुरायला लागते आणि त्या आवाजावरून शेजारच्या काकूंना कळतं, कोणाकडे कोण आलं.

स्वभावानं ते माणसांत रमणारं आहे. वारा आत घेतं, फोडणीचा वास बाहेर सोडतं, अनोळखी माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर थांबवतं. दुधाची पिशवी, पेपर, दसऱ्याचं तोरण, लाइटबिल, सगळं सांभाळतं. त्याच्यावरचा रंग दोन ठिकाणी उडतो. एक कडीपाशी, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर. दुसरा बराच खाली, जिथं संध्याकाळी लहान मूल खालच्या पट्टीवर पाय देऊन, जाळी धरून, आईच्या गाडीची वाट बघत उभं राहतं. तिथं रंग जाऊन लोखंड गुळगुळीत झालेलं असतं. दाराचं वय मला तिथं कळतं.

त्याची कसोटी मात्र भर दुपारी लागते. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. माणसं सकाळी साडेसहाला घर सोडतात, रात्री साडेआठला परततात. मुलं शाळा-क्लासला. वॉचमन गेटवर, आणि टँकर आला की टाकीपाशी. मजल्यावर चार बंद दारं आणि चार लोंबती कुलपं एवढंच उरतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: कडीकोयंडा उचकटून दागिने लंपास. कायदा आजही रात्रीची घरफोडी अधिक गंभीर मानतो. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, रात्री फोडलं तर १४ वर्षांपर्यंत. १८६० च्या दंडसंहितेपासून हा फरक चालत आला आहे आणि नव्या न्याय संहितेनंही तो ठेवला आहे. पण लोकलवर जगणाऱ्या वस्तीत रात्री घर भरलेलं असतं, ओस पडतं ते दुपारीच.

या दाराचा एक दोष मला फार जाचतो. त्याला खोटं बोलता येत नाही. बाहेरून कुलूप लोंबतंय म्हणजे आत कोणी नाही, हे ते जिना चढणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकतं. म्हणून आतल्या दाराचं लॅच नीट लावा आणि बाहेरच्या दाराला बाहेरून न दिसणारं कुलूप बसवून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो.

पूर्वी इथं सगळं सुरक्षित होतं, दारं उघडी टाकून माणसं झोपायची, असं जुनी मंडळी सांगतात. दारं उघडी असायची हे खरं. पण त्याच काळात, १९८९ मध्ये, सुरेश दुबे या बांधकाम व्यावसायिकाला नालासोपारा स्टेशनवर गोळ्या घालून मारलं होतं. तेव्हा भीती घराबाहेर होती. जमिनीच्या व्यवहारात, सातबाऱ्यावर, स्टेशनाच्या फलाटावर होती. घरात सोनं थोडं होतं आणि चाळीत दिवसभर कोणीतरी असायचंच. पुढे शेतं बुजली, इमारती उभ्या राहिल्या, भीतीनं जिना चढला, तेव्हा हे दार आलं.

मग इथली गुन्हेगारी वाढली की घटली? आकड्यांवरून बोलताना मी फार सावध असतो. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि २०२० च्या १ ऑक्टोबरपासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. हद्दी बदलल्या की जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसत नाही. दर काढायचा तो लाख लोकसंख्येमागे. पण २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहरात सुमारे १२ लाख माणसं मोजली गेली आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. मधल्या वर्षांत किती इमारती चढल्या ते कोणत्याही गच्चीवरून दिसतं. शिवाय पोलीस ठाणं जवळ आलं की तक्रारी वाढतात. त्या वाढीला मी वाईट म्हणणार नाही. तक्रार करायची म्हणजे कामाचा खाडा, म्हणून कितीतरी चोऱ्या कागदावर येतच नाहीत.

आणि आता तर असा चोर आला आहे, जो जिना चढतच नाही. केवायसी संपलंय म्हणून फोन येतो, नाहीतर व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस म्हाताऱ्या बाबांना ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचं सांगतो. बाबा एकटे, सून-मुलगा गाडीत, फोनला रेंज नाही. बाहेरचं दार कडी लावून इमानेइतबारे उभं असतं आणि आत आयुष्याची पुंजी निघून जाते. त्या वेळी जाळीपलीकडून कोणी ‘काका, काय झालं?’ एवढं विचारलं असतं तर पैसे वाचले असते. मला तर वाटतं, दूरच्या उपनगरात माणसांकडून सगळ्यात जास्त चोरला जातो तो वेळ. तो गेला की शेजार जातो आणि शेजाराचं काम एकट्या लोखंडाच्या गळ्यात पडतं. ते त्याच्यानं होणार नाही.

म्हणून एवढं करा. मजल्यावर दिवसा कोण घरी असतं ते माहीत करून घ्या, त्यांचा नंबर ठेवा, आपला त्यांना द्या. ऑनलाइन फसवणूक झाली तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा. आणि घर फुटलं तर खाडा पडला तरी चालेल, गुन्हा नोंदवाच. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य देणं पोलिसांवर कायद्यानं बंधनकारक आहे. ती मागून घ्या.