फोटोची मागची बाजू

हिंगणघाटच्या आमच्या घरी दादांची लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात दोन फोटो जपून ठेवलेले. एक खुद्द दादांचा, खाकी वर्दीतला, कैरोच्या स्टुडिओत काढलेला. दुसरा एका जर्मन सैनिकाचा.

दादा दुसऱ्या महायुद्धात लॉरी ड्रायव्हर म्हणून मिसर-लिबियाच्या वाळवंटात होते. परतल्यावर गिरणीत लागले आणि युद्धाबद्दल फारसे बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून घराने आपली गोष्ट रचली, की हा दादांनी मारलेला दुश्मन. लहानपणी आम्ही भाऊ-बहीण तो फोटो मोहल्ल्यातल्या पोरांना ऐटीत दाखवायचो.

दोन्ही फोटोंच्या मागे हस्ताक्षर आहे. दादांचे उर्दू घसीट, नुक्ते गाळलेले, अक्षरे एकमेकांत अडकलेली. आम्ही दोघेही उर्दू शाळेत शिकवतो, तरी ‘अम्माजान की खिदमत में’ एवढे वाचायला दोन संध्याकाळी लागल्या.

जर्मन मजकूर इंग्रजी अक्षरे समजून वाचू लागलो, तर एकही शब्द लागेना. पुढे कळले, ती जुनी जर्मन लिपी. तिथल्या शाळांतून ती 1941मध्ये बंद झाली. आपल्याकडे पणजोबांचे मोडी कागद घेऊन जाणकार शोधावा लागतो, तसेच आज जर्मन नातवंडांना आजोबांचे पत्र वाचता येत नाही. या लिपीत ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते. ‘यू’ आणि ‘एन’ यांच्यात फरक फक्त डोक्यावरच्या छोट्या कमानीचा.

बी.एड.ला शिकलो होतो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आकडे वाचता येत होते: 24.12.1941. म्हणजे नाताळची आदली संध्याकाळ. मग शेजारचा लांब शब्द ‘वाइनाख्टेन’, नाताळ, असणार. त्यातली अक्षरे सुटी करून, पहिलीच्या मुलांसाठी करतो तसा तक्ता केला आणि बाकीचे शब्द त्यावर ताडून पाहिले. एका रात्री ‘मुटर’ हा शब्द उमटला. शब्दकोश उघडावा लागला नाही. फारसीतले मादर, मराठीतली माता. पूर्ण ओळ अशी: माझ्या प्रिय आईला, आठवणीसाठी.

अब्बांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. डिसेंबर 1941मध्ये जर्मन फौज लिबियात मागे हटत होती. हिंदुस्थानची चौथी डिव्हिजन त्या लढाईत होती. फोटो दादांना टाकलेल्या सामानात मिळाला, कोणी दिला, की खरेच कुणाच्या खिशातून निघाला, हे सांगणारे आता कोणी नाही. दादांचा फोटो त्यांच्या आईला पोचला, म्हणून तो आमच्याकडे आहे. हा पोचला नाही, म्हणून तोही आमच्याकडेच आहे.

अब्बा शेवटी म्हणाले, “अमानत आहे. परत गेली पाहिजे.”

जर्मनीत ‘फोल्क्सबुंड’ नावाची संस्था युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवते. नाव दिले तर शोधता येते. पण नावच अडले आहे. आडनावाच्या मधल्या अक्षरावर जुन्या डिंकाचा डाग आहे. कमान होती की नव्हती, भिंगातूनही ठरत नाही. ‘यू’ धरले तर एक घराणे, ‘एन’ धरले तर दुसरे. आम्ही दोन्ही आडनावे लिहून पत्र टाकले आहे. फोटो वेगळ्या लिफाफ्यात ठेवला आहे. पोरांना आता तो दाखवतो, तेव्हा मागची बाजू आधी दाखवतो.