हर्णेच्या वाळूतली घरं

मुलांच्या फुफूचं सासर हर्णेला. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही घाट उतरून दापोलीमार्गे तिकडे जातो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गर्दी लोटते आणि जो तो समोर पाण्यात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गाचे फोटो काढतो. यंदा आम्ही मात्र वाळूत गुडघे टेकून बोटाच्या पेराएवढ्या शंखांचे फोटो काढत होतो. त्यामागे मागच्या वर्षीची एक गोष्ट आहे.

मागच्या सुट्टीत मुलांनी प्लास्टिकचा डबा भरून शंख-शिंपले गोळा केले. आम्हीही कौतुकाने हातभार लावला. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी डब्याला वास सुटला. उघडून पाहिलं, तर दोन शंखांच्या तोंडाशी बारीक पाय दिसले. आत खेकडे होते, मेलेले. धाकटी तेव्हा सात वर्षांची. तिने विचारलं, "अम्मी, ह्यांचा हिशेब अल्लाह आपल्याला विचारेल?" शाळेत दिवसभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या आम्हाला त्या दिवशी 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना.

यंदा हर्णेला पोहोचताच तिने हा किस्सा फुफूच्या सासूबाईंना सांगितला. मुलं त्यांना दादी म्हणतात. दादींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बेटा, त्या खेकड्याचं मागचं अंग मऊ असतं. त्यावर कवच नसतं. मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधून तो त्यात राहतो. अंगाने वाढला की मोठा शंख शोधायला निघतो. तुम्ही त्याला घरासकट उचललंत." लहानपणी त्या खाडीच्या चिखलात तिसऱ्या काढायला जात. बारीक तिसऱ्या तिथेच टाकून येत. "चुलीला लागतं तेवढंच आणायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

ओहोटीची वेळही त्यांनीच सांगितली, मोबाइल न बघता. "आज चौदावा चांद ना? मग फजरनंतर जा." हिजरी तारीख हेच त्यांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. मग पाणी जास्त चढतं आणि उतरतंही जास्त. आपल्या कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांत सकाळी सहाच्या आगेमागे समुद्र दूर गेलेला असतो. पुढे रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी सरकत जाते.

नमाज झाली, चहा झाला आणि आम्ही ओल्या वाळूवर पोहोचलो. कोवळं ऊन तिरपं येत होतं. अशा उन्हात शंखावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. डोक्यावर ऊन आलं की तोच शंख सपाट वाटतो. मोबाइलची काच ओढणीने पुसायची, हात खाली नेऊन मोबाइल शंखाच्या उंचीवर आणायचा, आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं. एक फोटो पाठीकडून, एक तोंडाकडून. टोक वर आणि तोंड आपल्याकडे केलं, तर बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. डाव्या वळणाचा शंख क्वचितच सापडतो. धाकटीने तीस शंख तपासले. डावा एकही निघाला नाही.

या रेघा म्हणजे गोगलगाईची वाढ. ती अंगातून चुना पाझरवून शंखाच्या काठाला नवा थर जोडत जाते. टोकाचा इवलासा वेढा हे तिचं बालपण. एका शिंपल्याला गोल, नितळ भोक होतं. "माळ ओवायला कुणी पाडलं?" धाकटीने विचारलं. ते माणसाने पाडलेलं नव्हतं. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय शिंपला असा पोखरते आणि आतला जीव खाते.

आमचा नियम एकच होता. शंख रिकामा दिसला, तरी वाळूवर ठेवून शंभर मोजायचे. दुसऱ्या दिवशी सत्तरच्या आसपास एक शंख चालू लागला. धाकटीने फोटो काढायचा सोडून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

शेवटच्या सकाळी तिला एक अखंड, चकचकीत, ठिपक्यांचा शंख मिळाला. दोनदा शंभर मोजले, आत कुणी नव्हतं. "हा एकच नेऊ?" तिने विचारलं. आपल्या वन्यजीव कायद्याने शंखांच्या काही जातींना संरक्षण दिलं आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी 'एकाने काय होतं' हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. आम्ही काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नको. कुणीतरी घर शोधत असेल." तिने चार फोटो काढले आणि शंख पाण्याच्या कडेला ठेवून दिला.

कुरआन शरीफमध्ये मुंगी, मधमाशी आणि कोळी यांच्या नावाने सूरह आहेत. अन-नम्ल, अन-नहल, अल-अनकबूत ही नावं आमच्या मुलांना लहानपणापासून पाठ आहेत. पण नावं पाठ असणं वेगळं आणि लहान जीवापुढे थांबून शंभर मोजणं वेगळं. ते आम्ही यंदा शिकलो, तेही लेकीकडून.

घरी आल्यावर स्टुडिओतून बारा फोटो छापून आणले. धाकटीने ते वहीत चिकटवले आणि खाली उर्दूत आणि मराठीत नावं लिहिली. वहीचं पहिलं पान मात्र तिने कोरं ठेवलं आहे. "ते त्या दोघांचं," ती म्हणते. त्यांचा फोटो आमच्याकडे नाही.