हवाईचा भात, मणिबेलीचं पातेलं

मणिबेली, ता. अक्कलकुवा
पौष वद्य पंचमी

चि. बाळ,


तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी हाती पडलं. होडीत बसून दोनदा वाचलं. मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणाला तू हौसेने ‘हवाईयन राइस कॅसरोल’ करून नेलास. भांडं रिकामं झालं, सगळ्यांनी कृती मागितली. मग होनोलुलूत वाढलेली तुझी ऑफिसातली मैत्रीण शांतपणे म्हणाली, “आमच्या घरी हे कधी कोणी केलं नाही.” तेव्हापासून तुला चुकल्यासारखं वाटतंय. तू विचारलं आहेस, “मावशी, दुसऱ्यांच्या गावाचं नाव लावून मी काहीतरी खोटं वाढलं का?”

याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही. म्हणून आधी तो भात करून पाहिला, इथेच, आणि आता लिहायला बसले आहे.

कॅसरोल म्हटल्यावर इथल्या शाळेतल्या ताईंना वाटलं, मी पोळ्यांचा गरम डबा मागते आहे. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ तोच झाला आहे. तिकडे ज्या भांड्यात शिजवायचं त्यातूनच वाढायचं, त्या भांड्यालाही आणि त्यातल्या पदार्थालाही कॅसरोल म्हणतात, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे पातेलं.” मी या पत्रात तेच म्हणणार आहे.

तुला हे गाव माहीत नाही. विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. मतदारांच्या यादीत महाराष्ट्र इथून सुरू होतो. समोर नर्मदा, पलीकडचा काठ गुजरातचा. नर्मदा म्हणजे आता सरदार सरोवराचं साठलेलं पाणी. महाराष्ट्रातल्या ३३ गावांना या धरणाच्या पाण्याने गाठलं, आणि मणिबेलीला सगळ्यांत आधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. इथल्या लोकांनी घरं सोडायला नकार दिला, पावसाळ्यात पाण्यात उभे राहिले. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं आहे. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जागतिक बँकेला सांगितलं की मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. गावाचं नाव जगभर गेलं आणि गावाची खालची अंगणं पाण्याखाली. मी वर्षातून आठ-दहा दिवस इथल्या जीवनशाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला येते, ते याच सुमाराला.

आता तुझा भात.

माणसं चाळीस होती. चार किलो तांदूळ, तीन अननस, पाच नारळ आणि सोया सॉसची बाटली मी अक्कलकुव्याच्या बाजारातून घेतली होती. तू हॅम आणि चीज घालतेस, त्यांची इथे सोय नव्हती. पण पौषात इथे तुरीला ओले दाणे असतात. मुलांनी तासाभरात टोपलीभर शेंगा सोलल्या. तीन अननस चाळीस जणांना पुरेनात म्हटल्यावर एका घरातून ओंजळभर आमचूर आलं. चैत्र-वैशाखात सातपुड्यातल्या बायका कैऱ्या सोलून, चिरून, खडकांवर वाळवतात आणि मोलगीच्या बाजारात विकतात, तेच. अननसाचा आंबटपणा कमी पडला तिथे सातपुड्याच्या कैरीने भरून काढला.

तुझ्यासाठी आठ-दहा जणांचं माप देते. तीन वाट्या तांदूळ धुऊन निथळून ठेव. तेलावर दोन कांदे, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं आणि एक ढबू मिरची परतून घे. त्यातच अर्ध्या अननसाच्या बारीक फोडी आणि पाव वाटी गूळ घालून सुटलेलं पाणी आटेपर्यंत शिजव. ही पायरी गाळू नकोस. मी घाईत पहिल्या थरात कच्च्या फोडी घातल्या आणि तेवढा भात गिजका झाला. ताज्या अननसाची आणखी एक खोड आहे. त्यात मांस आणि दूध-दही यांतली प्रथिनं तोडणारा एक पाचकरस असतो. कच्च्या फोडी दह्यात घातल्या तर दही कडवट होतं, कोंबडीला लावून ठेवल्या तर मांस पिठूळ होतं. उष्णतेने तो रस निकामी होतो. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तुला हे कधी जाणवलं नसेल.

भात वेगळा, कणी राहील इतपतच शिजव. मग दीड वाटी उकडलेले तुरीचे दाणे, अननसाचं मिश्रण, दोन चमचे सोया सॉस, बेताचं मीठ आणि भात हलक्या हाताने एकत्र करून वरून दीड वाटी नारळाचं घट्ट दूध ओत. तुझ्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर झाकून वीस मिनिटं आणि उघडं दहा. अगदी सोपं आहे, आणि आदल्या रात्री रचून ठेवलं तरी चालतं.

माझ्याकडे ओव्हन नव्हता, पण आजीचा अननसभात आठवत होता. केशर घातलेला, गोड. ती पितळी पातेल्यावर परात ठेवून परातीत निखारे घालायची. खाली मंद, वर जास्त. मी तसंच केलं. तळाला केळीची पानं घातली, वर पानं झाकली, त्यावर परात, परातीत निखारे. पानं करपल्याचा वास सुटला तेव्हा मला अलिबागची पोपटी आठवली. तुला आठवते? भांबुर्ड्याचा पाला घातलेलं मडकं, भोवतीचा जाळ आणि आपण सगळे शेतात. पुढे वाचताना कळलं की हवाईतही जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर पानं अंथरून अन्न भाजतात. त्याला ते इमू म्हणतात. म्हणजे तुझ्या काचेच्या भांड्यापेक्षा आपली पोपटीच त्यांना ओळखीची वाटेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुझी मैत्रीण खरं बोलली. अननस मुळात हवाईचा नाही, दक्षिण अमेरिकेचा. आपला ‘अननस’ हा शब्दही तिथल्या लोकांच्या बोलीतून पोर्तुगीजांबरोबर आला. हवाईच्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘हाला काहिकी’. हाला म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीचं झाड, काहिकी म्हणजे परका मुलूख. परदेशी केवडा! ज्या फळावरून आपण त्यांना ओळखतो, त्या फळाला ते आपल्या भाषेत परकं म्हणतात. हे कळल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

तिथल्या राणीचं, लिलिउओकलानीचं, राज्य १८९३ साली उलथवलं गेलं. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं जोडून घेतली. १९०१ साली जेम्स डोल याने अननसाची कंपनी काढली, १९२२ साली तर कंपनीने लानाई हे जवळजवळ अख्खं बेट विकत घेतलं. डबे घरोघर गेले आणि ज्या पदार्थात अननस तो ‘हवाईयन’ ठरला. ‘हवाईयन’ पिझ्झासुद्धा १९६२ साली कॅनडात जन्मला. तुझा भातही त्याच घराण्यातला. तो हवाईच्या चुलीवरून आला नाही, डब्याच्या लेबलावरून आला.

त्यांचं स्वतःचं अन्न कुठलं, माहीत आहे? अळू. आपलं अंगणातलं अळू. ते त्याचे कंद उकडून, कुटून पोई करतात. त्यांच्या कथेत आकाशपित्याचं एक बाळ मृत जन्मलं, त्याला पुरलं आणि तिथून अळू उगवलं. नंतरचा मुलगा हालोआ, तो माणसांचा पूर्वज. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. ही गोष्ट मी इथे मुलांना सांगितली तेव्हा कोणालाही नवल वाटलं नाही. ज्यांच्या घरी कणसरी ही धान्याची देवता आहे, त्यांना धान्य नात्यातलं वाटणारच.

पण त्यांच्या वाफ्यांतल्या अळूला वाहतं पाणी लागतं. ओआहू बेटावर १९१६ साली डोंगरातून बोगदे आणि पाट काढून वायाहोलेच्या बाजूच्या ओढ्यांचं पाणी पलीकडच्या कोरड्या अंगाला, उसाच्या मळ्यांना नेलं. खालच्या अळूच्या वाफ्यांचं पाणी तुटलं. १९९०च्या दशकात तिथला ऊस बंद झाला तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी आपलं पाणी परत मागितलं. २२ ऑगस्ट २००० रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी ही लोकांची आणि पुढच्या पिढ्यांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे. आणि प्रकरण फेरविचारासाठी जलआयोगाकडे परत धाडलं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने सरदार सरोवराचं बांधकाम पुढे न्यायला परवानगी दिली. दोन महिन्यांचंही अंतर नाही. पुढे भिंत १३८.६८ मीटरवर गेली आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा तिथवर चढलं.

ही तारखांची जोडी मला अचानक सापडली, आणि तेव्हापासून तुझा भात माझ्यासाठी नुसता भात राहिला नाही.

मग तू खोटं वाढलंस का? मला वाटतं, नाव उसनं होतं पण वाढणं खरं होतं. ऊस आणि अननसाच्या मळ्यांत राबायला माणसं बाहेरून आणली गेली: १८५२ पासून चिनी, मग पोर्तुगीज, जपानी, कोरियन, फिलिपिनो. मळेवाल्यांनी त्यांना वेगवेगळ्या वस्त्यांत ठेवलं. पण दुपारी शेतात सगळ्यांचे डबे उघडायचे. दोन कप्प्यांचा पत्र्याचा डबा, खाली भात, वर कालवण. ‘काउकाउ’ डबा म्हणायचे त्याला. भात आपापला, वरचे कप्पे मध्ये. एकाचा लोणच्याचा मुळा, दुसऱ्याचं सॉसेज, तिसऱ्याचे वाळवलेले मासे. एकमेकांची भाषा यायच्या आधी त्यांना एकमेकांची चव आली. तिथल्या हॉटेलांत आज भाताचे दोन गोळे आणि बाजूला चार मुलखांचं कालवण वाढतात, ती थाळी याच डब्यांतून आली. तुझ्या भातात सोया सॉस आहे, तो जपानी-चिनी मजुरांचा. म्हणजे त्यात हवाई आहे. अननसात नाही, पण मध्ये ठेवलेल्या भांड्यात आहे.

इथेही आम्ही पातेलं मध्येच ठेवलं. शाळेच्या पडवीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या. मुलं आधी थबकली. भात गोड का, हे त्यांना कळेना. मग एका मुलीने दुसऱ्यांदा मागितला आणि रांगच लागली. मासे धरून परतलेले दोघे होडीतून उतरले, त्यांनाही बसवलं. इथे कोणी जेवणाच्या वेळी आला तर आधी पत्रावळ, मग विचारपूस. एका आजीने घरची लाल मिरचीची चटणी आणून पातेल्याच्या कडेला ठेवली आणि भाताची चव एकदम जागेवर आली. तुझ्या कृतीत हे लिहून घे: शेजारी तिखट चटणी हवीच. शेवटी पानांखालची खरवड उरली, तिच्यावर मुलांची झुंबड. गिजका थरही संपला.

जेवण झाल्यावर त्याच आजीने विचारलं, हे कुठलं? मी बेटांची गोष्ट सांगितली, अळूची आणि तोडलेल्या पाण्याची. तिने एकच विचारलं, “मिळालं का परत?” मी म्हटलं, काही ओढ्यांत काही पाणी परत आलं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्यांचं ते अळू कसं कुटतात, विचारून सांग. आमच्याकडे कंद आहेत.

तेव्हा माझं एक काम कर. त्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलाव. भात कर, नाव काहीही सांगू नकोस, चटणी शेजारी ठेव. आणि तिच्या घरी पोई कशी करायचे ते नीट विचार: कंद किती वेळ उकडायचा, कशावर कुटायचा, पाणी किती, घशाला खाज सुटू नये म्हणून काय करायचे. लवकर लिही. मी शनिवारच्या होडीने परतते आहे, पण होळीला पुन्हा येईन, आणि आजीला मी तेव्हाचं सांगितलं आहे.

तुझी
मावशी